व्हेक्टर डिझाइनमध्ये आकार अचूक कसे जुळवायचे? 'छत्रपती संभाजीनगर'च्या पाटीवरून समजून घ्या

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी औरंगाबाद शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर करायला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्हा, तालुका आणि महसूल विभागाचंही नाव बदललं. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनचं नावही बदललं.

या प्रत्येक निर्णयानंतर एक काम गुपचूप वाढलं. पाट्या, लेटरहेड, बिलबुकं, फ्लेक्स आणि सोशल मीडियावरची पोस्टर्स नव्याने बनवायचं काम. 'औरंगाबाद' हा एकच शब्द होता. 'छत्रपती संभाजीनगर' हे दोन शब्द आहेत आणि जागा साधारण दुप्पट लागते. जुन्या डिझाइनमध्ये फक्त नाव बदलून भागत नाही. लोगो सरकतो, पत्ता खाली ढकलला जातो, मधलं अंतर बिघडतं आणि शेवटी पाटी 'काहीतरी वाकडी' दिसते.

नेमकं काय वाकडं आहे, हे मात्र पटकन सापडत नाही.

व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये आकार अचूक जुळवणं म्हणजे हे 'काहीतरी' शोधणं. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप किंवा कॅनव्हा, तुम्ही काहीही वापरत असाल तरी त्यामागचे नियम सारखेच आहेत. मराठी मजकूर असेल तर मात्र एक वेगळी अडचण येते, आणि ती या सॉफ्टवेअरच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये सांगितलेली नसते. ती आपण पुढे सविस्तर पाहू.

व्हेक्टर म्हणजे नेमकं काय?

मोबाइलने काढलेला फोटो लहान लहान रंगीत चौकोनांचा, म्हणजे पिक्सेलचा बनलेला असतो. तो खूप मोठा केला की ते चौकोन दिसायला लागतात.

व्हेक्टर चित्रात असे चौकोन नसतात. तिथे फक्त माहिती असते: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत रेषा, या ठिकाणी एवढी वक्रता, आत हा रंग. प्रत्येक बिंदूला दोन आकडे असतात. एक आडव्या दिशेचा, म्हणजे एक्स. दुसरा उभ्या दिशेचा, म्हणजे वाय. त्यामुळे तेच चित्र व्हिजिटिंग कार्डावर छापा किंवा चौकातल्या फ्लेक्सवर, कडा तितक्याच स्वच्छ राहतात.

पण चित्र मोठं होताना त्यातली चूकही तितकीच मोठी होते. समजा, जागा वाचवण्यासाठी डीटीपी ऑपरेटरने दहा फुटी बोर्ड एकदशांश मापात बनवला आणि त्यात दोन आकारांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली. प्रत्यक्ष बोर्डवर ती फट ५ मिलिमीटरची होईल.

कम्प्युटरने रेषा 'नेमकी' ठेवावी, ही कल्पना जुनी आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम बनवला. त्यात स्क्रीनवर लाइट पेनने ओबडधोबड रेषा काढायची आणि मग कम्प्युटरला सांगायचं की या दोन रेषा समांतर कर, किंवा या दोन्हींची लांबी सारखी कर. बाकीचं काम तो करायचा. १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आणि १९८९ मध्ये कोरलड्रॉ बाजारात आलं. इंकस्केप २००३ मध्ये आलं आणि ते आजही मोफत मिळतं. आज आपण अलाइनचं बटण दाबतो, तेव्हा सदरलँड यांचीच युक्ती वापरत असतो: हात चुकला तरी चालेल, हिशोब मशीनने करावा.

डोळ्यांनी जुळवलं तर काय बिघडतं?

दहा फूट रुंद बोर्ड म्हणजे ३०४८ मिलिमीटर. हा पूर्ण बोर्ड तुमच्या स्क्रीनवर सुमारे १५०० पिक्सेल रुंदीत दिसत असेल, तर स्क्रीनवरचा एक पिक्सेल म्हणजे बोर्डवरचे जवळपास २ मिलिमीटर. म्हणजे स्क्रीनवर दोन आकार अगदी चिकटलेले दिसत असले, तरी प्रत्यक्षात त्यांच्यात २ मिलिमीटरची फट असू शकते. ती बघायची सोयच स्क्रीनवर नाही.

झूम करून बघितलं तर ही फट दिसते. पण झूम करून माउसने सरकवत बसणं हा उपाय नाही. एक कड जुळली की दुसरी सुटते.

गवंडी भिंत नजरेने बांधत नाही. त्याच्याकडे उभ्या रेषेसाठी ओळंबा असतो, आडव्यासाठी पाणसळ आणि काटकोनासाठी गुण्या. व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्येही अशी तीन हत्यारं आहेत: स्नॅप, अलाइन आणि आकड्यांचे रकाने.

पहिलं हत्यार: स्नॅप

स्नॅप सुरू असेल तर आकार सरकवताना तो जवळच्या कडेला, कोपऱ्याला किंवा मध्यबिंदूला चुंबकासारखा चिकटतो. चिकटला म्हणजे दोन्ही बिंदूंचे आकडे एक झाले. मग कितीही झूम करा, फट दिसणार नाही.

कोरलड्रॉमध्ये ऑब्जेक्टला स्नॅप करण्यासाठी 'ऑल्ट + झेड' दाबा. इलस्ट्रेटरमध्ये 'कंट्रोल + यू' दाबलं की स्मार्ट गाइड सुरू होतात. इंकस्केपमध्ये स्नॅप सुरू-बंद करायला टक्क्याचं चिन्ह, म्हणजे 'शिफ्ट + ५' दाबतात. कॅनव्हामध्ये आकार सरकवताना ज्या रंगीत रेषा उमटतात, तोही स्नॅपचाच प्रकार.

स्नॅप वापरताना आकार कुठे धरता, याला महत्त्व आहे. चौकोनाचा कोपरा दुसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्याला चिकटवायचा असेल, तर माउसने कोपऱ्यावरच धरा. मध्येच कुठेतरी धरून ओढलं, तर सॉफ्टवेअर भलताच बिंदू चिकटवू शकतं.

गाइडलाइन ही स्नॅपची जोडीदार. वरच्या किंवा डावीकडच्या पट्टीवरून माउसने ओढून आणलेली ही रेषा फक्त स्क्रीनवर दिसते, छापली जात नाही. बोर्डच्या चारही बाजूंना समासाच्या गाइड आधी टाकून घेतल्या, तर पुढचं निम्मं काम सोपं होतं.

दुसरं हत्यार: अलाइन आणि डिस्ट्रिब्यूट

हे दोन शब्द एकाच पॅनलमध्ये असतात, म्हणून अनेकांची गल्लत होते.

अलाइन म्हणजे एका रेषेत आणणं. डाव्या कडा एका रेषेत, वरच्या कडा एका रेषेत किंवा सगळ्यांचे मध्य एका रेषेत. कोरलड्रॉमध्ये यासाठी एकेक अक्षर पुरतं: डावीकडे 'एल', उजवीकडे 'आर', वर 'टी', खाली 'बी', आणि पानाच्या मध्यभागी आणायला 'पी'. इलस्ट्रेटरमध्ये 'शिफ्ट + एफ७' आणि इंकस्केपमध्ये 'कंट्रोल + शिफ्ट + ए' दाबलं की पूर्ण पॅनल उघडतं.

अलाइन करताना 'कशाच्या तुलनेत' हा प्रश्न आधी सोडवा. इंकस्केपमध्ये त्यासाठी वेगळी यादी असते: शेवटी निवडलेला आकार, सगळ्यात मोठा आकार, पान वगैरे. इलस्ट्रेटरमध्ये सगळे आकार निवडल्यावर त्यातल्या एकावर पुन्हा क्लिक केलं, की त्याची कड जाड दिसते. तो आकार जागचा हलत नाही, बाकीचे त्याच्याकडे येतात. 'बटण दाबलं आणि सगळंच भलतीकडे गेलं' अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा हीच निवड चुकलेली असते.

डिस्ट्रिब्यूट म्हणजे अंतर सारखं वाटून देणं. यात पुन्हा दोन प्रकार आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी येतात.

एक हिशोब करू. बोर्ड ३००० मिलिमीटर रुंद आहे, दोन्ही बाजूंना १०० मिलिमीटर समास आहे. डावीकडे ३०० मिलिमीटरचा लोगो, मध्ये १५०० मिलिमीटरचं दुकानाचं नाव आणि उजवीकडे ४०० मिलिमीटरचा फोन नंबर.

तिघांचे मध्यबिंदू समान अंतरावर ठेवले, तर लोगो आणि नाव यांच्यात ३२५ मिलिमीटर मोकळे राहतात. नाव आणि फोन नंबर यांच्यात मात्र २७५ मिलिमीटरच. मोकळी जागा समान वाटली, तर दोन्हीकडे ३००-३०० मिलिमीटर येतात.

वेगवेगळ्या रुंदीच्या गोष्टी असतील तर दुसरा प्रकार निवडा. पॅनलमध्ये तो 'स्पेसिंग' किंवा 'गॅप' अशा नावाने असतो. कॅनव्हामधलं 'टायडी अप'ही अंतर असंच सारखं करून देतं.

तिसरं हत्यार: आकड्यांचे रकाने

आकार निवडला की वरच्या पट्टीत किंवा बाजूच्या पॅनलमध्ये चार रकाने दिसतात: एक्स, वाय, रुंदी आणि उंची. यात थेट आकडे टाइप करता येतात. नेमकं माप माहीत असेल तर हाच सर्वात खात्रीचा मार्ग आहे.

यासाठी राष्ट्रध्वजाइतकं चांगलं उदाहरण नाही. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला सोशल मीडियावर फिरणाऱ्या ग्राफिक्समध्ये चक्र कधी वर सरकलेलं असतं, कधी आऱ्या कमी-जास्त असतात. भारतीय ध्वजसंहितेत याची मापं स्पष्ट दिलेली आहेत. लांबी आणि उंचीचं प्रमाण ३:२. तिन्ही पट्टे सारखे. चक्राला समान अंतरावर २४ आऱ्या. ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या ध्वजात चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर.

आता हे आकडे रकान्यात टाका. प्रत्येक पट्टा ९०० रुंद आणि २०० उंच. चक्राचा मध्यबिंदू एक्स ४५०, वाय ३००. पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्र १८५ चं, म्हणजे वर आणि खाली साडेसात-साडेसात मिलिमीटर जागा उरते. तुमच्या चित्रात ही जागा दोन्हीकडे सारखी नसेल, तर चक्र सरकलेलं आहे.

आकडे टाकताना एक गोष्ट बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये रकान्यांच्या शेजारी नऊ ठिपक्यांचा छोटा चौकोन असतो. टाकलेला आकडा आकाराच्या कोपऱ्याचा धरायचा की मध्याचा, हे त्यावरून ठरतं. मध्यबिंदूचा आकडा टाकायचा असेल तर मधला ठिपका निवडा.

आऱ्यांसाठी ३६० अंशांना २४ ने भागा. उत्तर १५ अंश. एकच आरी काढा, फिरण्याचं केंद्र चक्राच्या मध्यावर ठेवा आणि १५ अंशांनी फिरवत २३ प्रती करा. कोरलड्रॉच्या रोटेट पॅनलमध्ये कोन आणि प्रतींची संख्या एकदमच देता येते. इलस्ट्रेटरमध्ये पहिली प्रत फिरवून झाली की 'कंट्रोल + डी' दाबत राहायचं. २४ आऱ्या हाताने मांडायला बसलात तर शेवटच्या दोन-तीन आऱ्यांची जागा हमखास चुकते, कारण आधीच्या सगळ्या लहान चुका तिथे साठतात.

हेच गणित शहरातल्या बीबी का मकबऱ्यातही दिसतं. १६५७ मध्ये निधन झालेल्या दिलरास बानू बेगम यांच्या कबरीभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा आहे. आठ बाजू म्हणजे प्रत्येक वळण ४५ अंशांचं. मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं कोरलेली आहेत. पहिले वास्तुरचनाकार, दुसरे अभियंता. त्यांच्या कारागिरांकडे स्क्रीन नव्हता, पण एक भाग नेमका करायचा आणि तोच मापाने पुन्हा करायचा, ही पद्धत आजच्यासारखीच होती.

मराठी मजकूर मध्यभागी आणला तरी खाली का दिसतो?

आता सुरुवातीला सांगितलेल्या अडचणीकडे येऊ.

सॉफ्टवेअरला अक्षर दिसत नाही. त्याला अक्षराभोवतीचा अदृश्य चौकोन दिसतो. अलाइनचं बटण हा चौकोन मध्यभागी आणतं.

इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या बाबतीत यात फारशी अडचण येत नाही, कारण सगळ्यांची उंची जवळपास सारखी असते. देवनागरीत तसं नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार असतात. खाली उकार लटकतात. त्यामुळे प्रत्येक शब्दाचा चौकोन वेगळा असतो.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे नऊ तालुके घ्या आणि नावांकडे फक्त आकार म्हणून बघा.

छत्रपती संभाजीनगर, पैठण, सिल्लोड आणि सोयगाव या नावांत शिरोरेषेच्या वर काहीतरी आहे, खाली काही नाही.

खुलताबादमध्ये उलट आहे. खाली उकार आहे, वर काही नाही.

गंगापूर, वैजापूर आणि फुलंब्रीमध्ये वरही आहे आणि खालीही.

कन्नडमध्ये वरही काही नाही आणि खालीही नाही.

समजा अक्षराचा मुख्य भाग ६० मिलिमीटर उंच आहे आणि वरच्या मात्रेला किंवा खालच्या उकाराला प्रत्येकी २० मिलिमीटर लागतात. या नावांचे कर्व्ह करून ती एका पट्टीत मध्याला अलाइन केली, तर 'पैठण' १० मिलिमीटर खाली जाईल, कारण चौकोनाचा वरचा भाग मात्रेने घेतला. 'खुलताबाद' १० मिलिमीटर वर जाईल, कारण खालचा भाग उकाराने घेतला. 'कन्नड' आणि 'गंगापूर' बरोबर मध्ये राहतील. म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या पैठण आणि खुलताबादच्या शिरोरेषांत २० मिलिमीटरचा फरक!

सॉफ्टवेअरच्या हिशोबाने सगळं अचूक आहे. वाचणाऱ्याला मात्र नावं उड्या मारताना दिसतात, कारण मराठी वाचताना आपली नजर शिरोरेषेवरून चालते.

यावर तीन उपाय आहेत.

पहिला: पहिलं नाव नीट बसवा, त्याची प्रत काढा, ती आकड्याने नेमकी बाजूला सरकवा आणि मग अक्षरं बदला. मजकूर अजून मजकूरच असेल, कर्व्ह केलेला नसेल, तर सगळ्या नावांची पायारेषा आणि शिरोरेषा आपोआप एकच राहते. यादी बनवताना हा सर्वात सोपा मार्ग.

दुसरा: कर्व्ह करून झाले असतील तर शिरोरेषेच्या वरच्या कडेवर एक गाइडलाइन टाका आणि प्रत्येक नाव त्या गाइडला स्नॅप करा. इथे अलाइनचं बटण वापरूच नका.

तिसरा, एकच नाव बोर्डच्या मध्यभागी आणण्यासाठी: शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, म्हणजे मात्रा आणि उकार सोडून, एक चौकोन काढा. तो चौकोन बोर्डच्या मध्यभागी अलाइन करा. त्याच्या वरच्या कडेवर गाइड टाका आणि नावाची शिरोरेषा त्या गाइडला चिकटवा. चौकोन काढून टाका. नावात 'छत्रपती संभाजीनगर'सारख्या वेलांट्या जास्त असतील, तर यानंतर नाव किंचित खाली घ्यावं लागतं. किती, ते थोडं लांब जाऊन बघूनच ठरवा.

दोन भाषांची पाटी: एकच पॉइंट, वेगळी उंची

दुकानाच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत असावं आणि त्याची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी दुरुस्ती महाराष्ट्रात २०२२ मध्ये झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर राज्यभर नव्या पाट्यांची घाई झाली.

इथे डिझाइन करणाऱ्याची फसगत होते. मराठी आणि इंग्रजी दोन्हीला २०० पॉइंट दिले, तर दोन्ही सारखे दिसतील असं वाटतं. पण पॉइंट हे माप अक्षराच्या उंचीचं नाही. ते अक्षर ज्या चौकटीत बसवलं आहे त्या चौकटीचं आहे. देवनागरीत त्याच चौकटीत मात्रा आणि उकार दोन्ही मावले पाहिजेत, त्यामुळे अनेक फॉन्टमध्ये मुख्य अक्षर लहान राहतं. दोन्हीकडे २०० हाच आकडा असूनही मराठी नाव लहान दिसतं.

म्हणून पॉइंट बघू नका, उंची मोजा. मराठी नावाची शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची आणि इंग्रजी मोठ्या अक्षराची उंची, दोन्हींवर चौकोन काढून उंचीच्या रकान्यातला आकडा वाचा. मराठीचा आकडा कमी असेल तर फॉन्ट वाढवा. पाटी बघणारा ग्राहक किंवा अधिकारी पॉइंट मोजत नाही, त्याला जे दिसतं तेच तो बघतो.

रेडियम कटिंगमध्ये 'भ'चा 'म' कसा होतो?

फ्लेक्सवर छपाई होते, तिथे लहान फट फार तर खराब दिसेल. पण रेडियम, म्हणजे रंगीत व्हिनाइल कापून अक्षरं बनवायची असतील किंवा ॲक्रिलिकची अक्षरं लेझरने कापायची असतील, तर मशीन फाइलमधल्या रेषेवरून जसंच्या तसं कापत जातं.

मराठी शब्द कर्व्ह केला की प्रत्येक अक्षर हा वेगळा आकार असतो आणि शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर थोड्या चढलेल्या असतात. स्क्रीनवर रंग भरलेला असल्यामुळे ते कळत नाही. मशीन मात्र प्रत्येक अक्षराची कड कापतं, शिरोरेषेच्या मधोमधसुद्धा. शब्द अखंड निघत नाही, त्याचे तुकडे निघतात.

उपाय म्हणजे कापायला देण्याआधी सगळी अक्षरं एकत्र जोडून एकच आकार करणं. कोरलड्रॉमध्ये याला 'वेल्ड' म्हणतात, इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये 'युनाइट' आणि इंकस्केपमध्ये 'युनियन'. त्याआधी वायरफ्रेम किंवा आउटलाइन व्ह्यूमध्ये जाऊन शिरोरेषा खरंच एकमेकांना टेकल्या आहेत का ते बघा. मध्ये केसाएवढी फट असेल तर वेल्ड करूनही तुकडे वेगळेच राहतील.

काही जण यावर शॉर्टकट काढतात. सगळ्या अक्षरांवरून एक लांब पट्टी टाकतात आणि वेल्ड करतात. शिरोरेषा जोडली जाते खरी, पण 'भ' आणि 'ध' यांची शिरोरेषा मुळात तुटक असते. तिथली मोकळी जागा भरली की 'भ' हा 'म'सारखा दिसतो आणि 'ध' हा 'घ'सारखा. 'संभाजीनगर' लिहायला घेतलं आणि वाचणाऱ्याला 'संमाजीनगर' दिसलं, तर बोर्ड परत करावा लागेलच, शिवाय त्या बोर्डचा फोटो किती ग्रुपवर फिरेल हे वेगळं सांगायला नको. पट्टी टाकायचीच असेल तर 'भ'च्या आधी थांबवा आणि त्याच्या पुढून सुरू करा.

आकडे बरोबर, तरी चूक: आणखी तीन जागा

जाड बॉर्डर. चौकोनाला ६ मिलिमीटरची बॉर्डर दिली की तिचे ३ मिलिमीटर आत आणि ३ मिलिमीटर बाहेर जातात. काही सॉफ्टवेअर अलाइन करताना बॉर्डर धरतात, काही धरत नाहीत. इलस्ट्रेटर सुरुवातीला धरत नाही, त्यासाठी 'यूज प्रिव्ह्यू बाउंड्स' सुरू करावं लागतं. इंकस्केप सुरुवातीपासून धरतं. बॉर्डर असलेला आणि नसलेला चौकोन शेजारी ठेवल्यावर ३ मिलिमीटरचा फरक दिसला, तर कारण बहुतेक हेच.

प्ले बटणाचा त्रिकोण. रीलच्या थंबनेलवर गोलात त्रिकोण ठेवला आणि मध्याला अलाइन केला, तर तो डावीकडे सरकल्यासारखा दिसतो. त्रिकोणाचं वजन उभ्या बाजूकडे जास्त असतं. त्रिकोण ६० पिक्सेल रुंद असेल, तर त्याच्या चौकोनाचा मध्य उभ्या बाजूपासून ३० पिक्सेलवर असतो, पण गुरुत्वमध्य २० पिक्सेलवर. म्हणून त्रिकोण उजवीकडे घ्यावा लागतो, जास्तीत जास्त १० पिक्सेल.

अस्पष्ट रेषा. १०८० बाय १०८० च्या पोस्टमध्ये एक पिक्सेल जाडीची आडवी रेषा बरोबर वाय २०० वर ठेवली, तर ती १९९.५ पासून २००.५ पर्यंत पसरते. अर्धा भाग एका पिक्सेलमध्ये, अर्धा दुसऱ्यात. परिणामी दोन्ही पिक्सेल फिकट होतात आणि रेषा धुरकट दिसते. तीच रेषा २००.५ वर ठेवली की ती एका पूर्ण पिक्सेलमध्ये बसते आणि स्पष्ट दिसते.

फाइल पाठवण्याआधी काय तपासायचं?

प्रेसवाले 'कर्व्ह करून पाठवा' असं म्हणतात, कारण तुमचा फॉन्ट त्यांच्याकडे नसेल तर मजकूर बदलू शकतो. पण एकदा कर्व्ह केल्यावर अक्षर दुरुस्त करता येत नाही. म्हणून आधी मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा आणि मग हा क्रम पाळा.

१. फाइल खऱ्या मापात आहे का ते बघा. लहान मापात असेल तर ते प्रमाण फाइलच्या नावातच लिहा.

२. आउटलाइन व्ह्यूमध्ये सगळे जोड तपासा.

३. चारही बाजूंच्या समासांचे आकडे रकान्यात वाचा, नजरेने ठरवू नका.

४. प्रत्येक मराठी ओळीच्या शिरोरेषेवर गाइड टाका आणि अक्षरं त्या रेषेला टेकतात का बघा.

५. मराठी आणि इंग्रजी अक्षरांची उंची मोजा.

६. कटिंगचं काम असेल तर वेल्ड झालं का आणि त्यानंतरही 'भ', 'ध' सुटे वाचता येतात का, हे तपासा.

७. एक लहान प्रिंट काढून हातभर अंतरावरून बघा. ज्याने डिझाइन केलेलं नाही अशा माणसाला नाव मोठ्याने वाचायला सांगा.

या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. पाटी पुढची काही वर्षं रस्त्यावर असते आणि तिच्यावरचं नाव रोज शेकडो लोक वाचतात.